दोन हवालदार, एक डबा

वाचकहो, गेल्या रविवारी आमच्या घरात एक खटला उभा राहिला. आरोपी होता एक मराठी सिनेमा. फिर्यादी आम्ही स्वतः. बचावाची बाजू मांडायला आमची माय, वय सत्तरीच्या पुढे. आणि निकाल द्यायला आमचा भाचा. तो पोलीस शिपाई आहे आणि नेमकी त्याच दिवशी त्याला साप्ताहिक सुटी मिळाली होती.

झाले असे, की टीव्हीवर 'दे दणादण' लागला होता. महेश कोठारे यांचा १९८७ सालचा सिनेमा. महेश आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्यात दोन पोलीस आहेत. माय तो कितव्यांदा पाहत होती याचा हिशेब, बी. कॉम. असूनही, आमच्याकडे नाही. लक्ष्याने तोंड उघडायच्या आधीच ती हसू लागे. आम्ही बाजूला एका सभेचे टिपण काढत बसलो होतो. न राहवून म्हणालो, "माय, पुढे काय होते ते तुला पाठ आहे. मग पाहतेस कशाला?"

पडद्यावरची नजर न काढता माय म्हणाली, "तू नाही का दरसाली तेच भाषण देत? लोकायले पाठ आहे, तरी बसतेतच न आयकत!"

भाच्याने तिथल्या तिथे निकाल दिला. "मामा, केस खारीज."

हरलेल्या फिर्यादीला अपिलाची मुभा असते, म्हणून हा लेख लिहायला घेतला. पण लिहिता लिहिता आम्ही मायच्याच बाजूला जाऊन बसलो, हे आधीच कबूल करतो.

दोन पोलिसांच्या सिनेमाचा एक ठरलेला साचा असतो. एक शिस्तीचा, दुसरा वेंधळा. एक बायकापोरांचा, दुसरा सडाफटिंग. साहेब दोघांना एकाच कामावर लावतो आणि दोघांनाही ते नको असते. पहिल्या भागात भांडण. मध्यंतराच्या आसपास एक जण दुसऱ्याचा जीव वाचवतो. मग थोडा गैरसमज, शेवटी मारामारी, गुंड गजाआड, आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालू लागतात. मधे साहेबाने ओरडायला हवे आणि एखादी गाडी मोडायला हवी. हे सारे ठाऊक असून माणूस पाहतो. आपल्या घरचे वरणही रोज तेच असते. कालचेच का केले, असे कोणी विचारत नाही.

यामागे एक कारण आहे. आपल्या माणसाचा दिवसच असा जातो, की पुढे काय होईल त्याचा भरवसा नाही. उद्या ठेकेदार कामावर बोलावील का, पोराच्या फीचे जमेल का, साहेब रजा देईल का. दिवसभर अशा अधांतरी गोष्टींनी दमलेल्या माणसाला रात्री दोन तास तरी सगळे ठरल्याप्रमाणे घडावे असे वाटले, तर तो गुन्हा नव्हे. आम्ही कार्यकर्ते मंडळी प्रत्येक गोष्टीतून प्रबोधन काढायला जातो. कधी कधी नुसते हसू काढले तरी पुष्कळ झाले.

आता ही जोडी काही अमेरिकेतून बोटीने आली असे कोणी समजू नये. आपल्याकडे तमाशाच्या बतावणीत दोघे समोरासमोर उभे राहत. एकाने शहाणपणा करायचा, दुसऱ्याने त्यातली हवा काढायची. आपल्या विदर्भातली दंडार आणि खडी गंमत याच मातीतली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने दादा कोंडके महाराष्ट्रभर माहीत झाले, आणि १९७५ साली त्यांनी 'पांडू हवालदार' काढला. दादा स्वतः पांडू आणि अशोक सराफ सखाराम, दोघेही हवालदार. दादा मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत वाढलेले. म्हणून त्यांचा हवालदार फौजदाराच्या खुर्चीतून पाहिलेला नाही, चाळीच्या नाक्यावरून पाहिलेला आहे. सिनेमा लोकांच्या तोंडी असा बसला, की मुंबईत साध्या शिपायाला 'पांडू' म्हणायची खोड लागली. पुढे २०२१ साली विजू माने यांनी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन 'पांडू' नावाचा सिनेमा काढला. तो दादांना केलेला मुजराच होता, आणि त्यातही हवालदार दोनच.

कोठारे आणि लक्ष्या यांनी 'दे दणादण'नंतर 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३) असा धडाकाच लावला. 'झपाटलेला'त महेश इन्स्पेक्टर आहे, आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला दिलीप प्रभावळकरांच्या तात्या विंचूने असे पछाडले आहे, की आमच्या वस्तीतली पोरे कित्येक दिवस रात्री एकटी बाहेर जायला भीत होती. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी. त्या दिवशी माय म्हणाली होती, "आपल्या घरचं पोरगं गेलं."

'दे दणादण' आम्ही पहिल्यांदा पाहिला तो थिएटरात नव्हे. उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या बाजूला आमची वस्ती. पोरांनी घरोघर वर्गणी काढली आणि एक व्हिडिओ व रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणला. पैसे वसूल व्हावेत म्हणून सूर्य उगवेपर्यंत लागोपाठ तीन सिनेमे. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, ते पाळी संपवून आले आणि गोणपाटावर आमच्याजवळ बसले.

त्या काळी वस्तीत खाकी कपडा दिसला, की बोलणारी तोंडे बंद होत. पोलीस यायचा तो कोणाला तरी न्यायला किंवा कोणाबद्दल तरी विचारायला. घरातले भांडे चोरीला गेले तरी चौकीवर जायचे धाडस होत नसे. "जाऊ दे, भांडं गेलं, आता माणूस नको जायले," असे आमची आजी म्हणायची. आणि त्या रात्री तीच आजी, तेच हातगाडीवाले, तेच मिलमजूर, सायकलवर फिरणाऱ्या पोलीस लक्ष्याला पाहून पोट धरून हसत होते. सिनेमात लक्ष्याला चमत्काराने अचाट ताकद मिळते आणि लाल रंग दिसला की ती निघून जाते. वडील म्हणाले, "चमत्कारावर भरोसा ठेवू नका रे पोरहो. हसून घ्या फक्त." लाल रंगाचे मर्म आम्हाला पुढे कारकून झाल्यावर कळले. फायलीवर साहेबाच्या लाल शाईचा शेरा दिसला, की आमचीही सारी शक्ती तशीच नाहीशी होते!

चार-दोन दिवसांनी बीटचा हवालदार खरोखरच सायकलवरून वस्तीत आला. एरवी पळणारी पोरे उभी राहिली. एकाने सिनेमातल्यासारखी शिट्टी वाजवली. आम्हाला वाटले, आता कानाखाली बसते. पण हवालदार हसला आणि पुढे गेला. त्या दिवशी भय संपले असे नाही. पण खाकीच्या आत आपल्यासारखाच घाम येणारा, सायकलची साखळी निघाली की वैतागणारा एक माणूस असतो, हे आम्हा पोरांना पहिल्यांदा दिसले. तेवढे काम त्या गमतीच्या सिनेमाने केले.

याचा अर्थ खरे पोलीस विसरून जायचे असा नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला आणि दहा माणसे गेली. लक्ष्याचे हसू त्यावर पांघरूण घालू शकत नाही, आणि घालूही नये. दोन्ही गोष्टी आपल्याला लक्षात ठेवाव्या लागतात.

असो. मायची बाजू मांडून झाली. आता आमचे अपिलातले एकच म्हणणे ऐका.

हा साचा अमेरिकेतही मोठा लोकप्रिय. पण तिथल्या आणि आपल्या जोडीत एक फरक आहे. १९६७ साली तिकडे 'इन द हीट ऑफ द नाइट' नावाचा सिनेमा आला. तो हसवणारा नाही, पण पुढच्या कित्येक जोड्यांचा आजोबा तो. दक्षिणेतल्या एका लहान गावात खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या एका काळ्या माणसाला पोलीस पकडून आणतात. का, तर तो काळा आहे आणि त्याच्या पाकिटात पैसे आहेत. चौकशीत निघते काय, तर तो स्वतःच फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी! मग त्या गावच्या गोऱ्या पोलीसप्रमुखाला त्याच्याच मदतीने खुनाचा तपास करावा लागतो. सिडनी पॉइटिए आणि रॉड स्टायगर यांनी ही कामे केली. एक गोरा जमीनदार त्या काळ्या अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारतो आणि अधिकारी क्षणात उलट थोबाडीत देतो, हे त्या काळच्या पडद्यावर नवलच होते. १९६८ साली त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ४ एप्रिलला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यामुळे तो सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता.

त्यानंतर तिथे '४८ अवर्स' (१९८२) आला, त्यात गोरा पोलीस आणि काळा कैदी. 'लेथल वेपन' आला तो आपल्या 'दे दणादण'च्याच साली, १९८७ मध्ये. त्यातला गोरा पोलीस बायको वारल्यामुळे एकटा आणि जिवावर उदार झालेला. त्याचा काळा जोडीदार बायकापोरांचा, पन्नाशीला आलेला. हा एकटा गोरा माणूस त्या काळ्या कुटुंबाच्या टेबलावर जेवायला बसतो. गोळीबार आणि मोडलेल्या गाड्या आम्ही विसरलो, जेवणाचे ते टेबल विसरलो नाही. थोडक्यात, त्या लोकांनी आपल्या देशातली सर्वांत मोठी भिंत उचलून पोलीसगाडीच्या पुढच्या दोन सीटांच्या मधे ठेवली आणि मग विनोद केला. भिंत त्यामुळे पडली नाही. २०२० साली मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइडचा जीव पोलिसाच्याच गुडघ्याखाली गेला. पण भिंत आहे, एवढे तरी सिनेमा बोलला.

आपल्या जोडीत एक शहाणा असतो आणि एक बावळट. कोण कोणत्या वस्तीतून आला, कोण कोणाच्या घरचे पाणी पितो, हा प्रश्नच निघत नाही. जणू आपल्याकडे भिंत नाहीच! हसू खरे असते, पण सोपे असते. हे म्हणणे आम्ही रविवारी मांडले, तेव्हा आमचा भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तुमाले माया जोडीदाराची गोष्ट सांगू?"

त्याची गोष्ट अशी. भरतीसाठी पोराने मैदानावर सोळाशे मीटर धावून धावून पाय सुजवले, गोळाफेक केली, लेखी परीक्षा दिली आणि लागला. पुढे एका ठाण्यात रात्रीच्या गस्तीवर त्याला एक जोडीदार मिळाला. मोटारसायकल एक, माणसे दोन, साच्याप्रमाणे. पहिल्याच रात्री जोडीदाराने विचारले, "आडनाव काय?" याने सांगितले. नागपुरात आडनाव सांगितले, की पुढचे काही विचारावे लागत नाही. जोडीदार "बरं" म्हणाला.

"सिनेमात मग भांडण होते न मामा," भाचा म्हणाला. "आमचं भांडणच झालं नाही. लय चांगला बोले तो. गाडी नीट चालवे. पण मी डबा उघडला की त्याले चहा आठवे. 'तू जेव, मी येतो टपरीवरून.' रोज. दोन महिने."

आम्ही विचारले, "तू कधी बोलला नाहीस?"

"काय बोलणार? त्यानं काही वाईट केलंच नाही."

वाचकहो, इथे आम्हाला त्या साच्याची किंमत कळली. सिनेमात दोघे पहिल्या भागात कडाकडा भांडतात, एकमेकांची आईबहीण सोडून सगळे काढतात. ते भांडण म्हणजे दार ठोठावणे असते. इथे दारावर कोणी ठोठावतच नाही. गोड बोलणे आणि वेगळे जेवणे, याला ना तक्रार करता येते, ना पंचनामा.

मग आली २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला, की अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली आणि लोकांच्या घरांत पाणी शिरले. नागपूरकरांना ती पहाट सांगायला नको. पुढे आपत्ती दलाची माणसे आली, लष्कर आले. पण पहिल्या तासांत जो जिथे होता तोच होता. ही जोडी कमरेएवढ्या पाण्यात होती. खालच्या मजल्यांवरून म्हातारी माणसे, लेकरे बाहेर काढायची, उंचावर नेऊन ठेवायची, परत पाण्यात जायचे. एका आजीला दोघांनी हातांची खुर्ची करून नेले. आजी वाटभर दोघांनाही शिव्या देत होती, कारण तिची मांजर मागे राहिली होती. जोडीदार परत गेला आणि मांजर घेऊन आला. मांजरीने त्याचा हात ओरबाडला. भाचा सांगत होता, "मामा, तेवढ्या पाण्यात मी हसलो. तोही हसला."

सकाळी आठच्या सुमारास दोघे एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसले. टपऱ्या सगळ्या पाण्यात. चहा आठवायला जागाच नव्हती. भाच्याने गाडीच्या डिकीतून पक्क्या झाकणाचा स्टीलचा डबा काढला. आमच्या बहिणीने आदल्या संध्याकाळी केलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. डबा उघडावा की नाही, असे त्याला क्षणभर झाले. उघडला. पुढे केला नाही, मधे ठेवला. जोडीदाराने डब्याकडे पाहिले. मग अर्धी भाकर मोडून घेतली.

"काही बोलला?" मायने विचारले.

"म्हणे, भाजीत तिखट जास्त आहे."

माय खूश झाली. "म्हणजे जेवला!"

सिनेमा असता तर इथे दोघांनी गळामिठी मारली असती. तसे काही झाले नाही. जोडीदार आता डब्यातले खातो, कधी आपल्या घरचाही आणतो. त्याच्या घरी भाचा अजून गेलेला नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली, पण ठाण्यातल्या सगळ्यांना मिळून एक आली. भाचा म्हणतो, "होते मामा, थोडं थोडं." आमच्या हिशेबाने त्यांच्या सिनेमाचा मध्यंतर झाला आहे. दुसरा भाग बाकी आहे, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

जाता जाता एक गोष्ट आमच्या शेजारच्या मुलीने सुनावली. तीही भरतीची तयारी करते. महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे पहाटे मैदानावर मुलीही धावताना दिसतात. ती म्हणाली, "काका, तुमच्या सगळ्या जोड्या पुरुषांच्याच कशा?" आम्ही अडकलो. अमेरिकेत २०१३ साली 'द हीट' निघाला, त्यात दोन बायका पोलीस आहेत आणि भांडणापासून दोस्तीपर्यंत सारा साचा जसाच्या तसा. आपल्याकडे दोन महिला शिपायांची अशी हसवणारी जोडी आम्हाला काही आठवली नाही. कोणी लेखक हे वाचत असेल तर त्याने विचार करावा. आणि लिहायला बसलाच, तर त्या दोघींचे डबे आधी वेगळे ठेवावेत आणि मग एकत्र आणावेत. विनोद कमी होणार नाही, उलट हसताना घशात काहीतरी अडकेल.

तर अपिलाचा निकाल असा: माय जिंकली. ठरलेल्या साच्याचा सिनेमा पाहायला लाजू नये. मुलाबाळांसोबत बसावे, मोकळे हसावे. फक्त शेवटी ते दोघे खांद्यावर हात टाकून चालू लागले, की मुलांना एवढेच विचारावे, "तुझ्या शाळेत, तुझ्या कारखान्यात, तुझ्या हापिसात तुझ्या शेजारी जो बसतो, त्याच्या डब्यात काय असते ते तुला माहीत आहे का?" आम्ही स्वतःला हा प्रश्न सोमवारी विचारला. आमच्या टेबलाला लागून बसणाऱ्या सहकाऱ्याच्या डब्यात काय असते, हे आम्हाला सांगता आले नाही. इतकी वर्षे नोकरी झाली!

त्या रविवारी सिनेमा संपायच्या आतच भाच्याचा फोन वाजला. साहेब. बंदोबस्त लागला होता, सुटी रद्द. ओरडणारा साहेब निदान सिनेमात आणि खऱ्या आयुष्यात सारखाच असतो. पोराने वर्दी चढवली. माय उठली, टोपलीतल्या भाकरी मोजल्या आणि दोनच्या जागी चार बांधल्या.

"आजी, एवढ्या कायले?"

"तो तिखट कमी खाते न? भाजी आज बेतानं केली आहे म्हणून सांग त्याले."